उतारवयातील कुत्र्याला पहिल्यांदाच झटके आले : मेंदूतील गाठीचे निदान कसे करतात?

प्रश्नकर्ता :

नमस्कार. आमचा बॉक्सर जातीचा कुत्रा नऊ वर्षांचा आहे आणि अगदी अलीकडेपर्यंत त्याला कोणताही मोठा आजार झालेला नव्हता. काही दिवसांपूर्वी पहाटे झोपेत असतानाच त्याचे अंग ताठ झाले, चारही पाय जोराने हलू लागले, तोंडातून फेसाळ लाळ आली आणि जागीच लघवी झाली. दोन मिनिटांच्या आत हे थांबले, परंतु त्यानंतर बराच वेळ तो भिंतींना धडकत फिरत होता आणि आम्हाला ओळखतही नव्हता. पुढे तसाच दुसरा झटका आला. आमच्या पशुवैद्यांनी रक्ततपासणी केली. तीत विशेष काही सापडले नाही. या वयात झटके सुरू झाले असल्यामुळे मेंदूत गाठ असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागेल, असे त्यांनी सांगितले. झटक्यांसाठी फेनोबार्बिटालच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. त्यांच्या जोडीला स्टेरॉईड देऊन फरक पडतो का ते पाहावे आणि नाही पडला तर एमआरआय करावा, असा त्यांचा विचार आहे.

घरी लक्षात आलेल्या आणखी दोन गोष्टी लिहितो. त्यांना काही अर्थ आहे का, हे मला कळत नाही. तो हल्ली बहुतेक वेळा डावीकडेच वळतो, कधीकधी डाव्या बाजूने गोल फिरत राहतो. शिवाय भांड्यातले खाणे तो अर्धेच संपवतो. उजव्या बाजूचे तसेच पडून राहते. भांडे फिरवून ठेवले की तेही आवडीने खातो.

एमआरआय न करता गाठ आहे की नाही हे सांगता येते का? या वयात त्यासाठी भूल देणे कितपत सुरक्षित आहे? एमआरआयमध्ये गाठ दिसली तर तेवढ्याने निदान पूर्ण होते, की तुकडा काढून तपासावाच लागतो? आणि तोपर्यंत स्टेरॉईड सुरू करावे का? त्याच्यासाठी जे करणे शक्य आहे ते करण्याची आमची तयारी आहे, पण ज्यांतून काही निष्पन्न होणार नाही अशा तपासण्यांचा त्रास त्याला द्यायचा नाही.

पहिले उत्तर (पशुवैद्य, मज्जासंस्थेचे आजार) :

तुम्ही ज्या दोन गोष्टी बिचकत लिहिल्या आहेत, त्याच या संपूर्ण प्रश्नातील सर्वांत मोलाच्या आहेत. भांड्याच्या उजव्या अर्ध्या भागातील अन्न शिल्लक राहणे म्हणजे भूक कमी होणे नव्हे, कारण भांडे फिरवल्यावर तो खातो. त्याच्यासाठी उजव्या बाजूचे जग जणू अस्तित्वातच नाही. मोठ्या मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराच्या उजव्या बाजूकडून येणारी माहिती हाताळतो, त्यामुळे डाव्या बाजूला बिघाड झाला की उजवीकडे दुर्लक्ष होऊ लागते. गोल फिरणे मात्र सहसा बिघाड ज्या बाजूला असतो त्याच बाजूला होते. दोन्ही खुणा डाव्या पुढच्या मेंदूकडे बोट दाखवतात, आणि झटके हेसुद्धा पुढच्या मेंदूच्याच आजाराचे लक्षण आहे. कोणतेही यंत्र न वापरता जागा बरीचशी ठरली. मात्र त्या जागी नेमके काय आहे, हे यावरून कळत नाही.

वयाचा मुद्दा तुमच्या पशुवैद्यांनी योग्य उपस्थित केला आहे. ज्या अपस्मारामागे मेंदूत दिसण्याजोगा दोष नसतो, त्याचे झटके बहुधा सहा महिने ते सहा वर्षे या वयात सुरू होतात. कुत्र्यांच्या अपस्माराविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मतांमध्येही पहिला झटका सहा वर्षांनंतर आला असेल, किंवा दोन झटक्यांच्या मधल्या काळात मज्जासंस्थेच्या तपासणीत दोष आढळत असेल, तर एमआरआय करावा असे म्हटले आहे. तुमच्या कुत्र्याला पहिली अट लागू आहेच, आणि वर्णनावरून दुसरीही लागू असावी असे दिसते.

तरीही एमआरआयपूर्वी काही गोष्टी पक्क्या कराव्यात. बॉक्सर जातीत हृदयाच्या स्नायूंचा एक आजार आनुवंशिक आहे, ज्यात हृदयाची लय बिघडून कुत्रा अचानक कोसळतो. ती मूर्च्छा वरवर झटक्यासारखी दिसते. मूर्च्छा बहुधा धावताना किंवा उत्तेजित झाल्यावर येते, अंग सैल पडते आणि कुत्रा लगेच उठून पूर्ववत होतो. झटका बहुधा विश्रांतीत किंवा झोपेत येतो, अंग ताठ होते आणि नंतर बराच वेळ गोंधळलेली अवस्था राहते. तुमचे वर्णन झटक्याचेच आहे. तरीही भूल देण्यापूर्वी हृदयाची लय ईसीजीवर पाहून घ्यावी आणि शंका राहिल्यास चोवीस तासांचे होल्टर (अंगावर बांधलेल्या यंत्राने सलग घेतलेला ईसीजी) करावे, कारण एकाच बॉक्सरमध्ये दोन्ही आजार असू शकतात. पुढचा झटका आल्यास त्याचे चित्रीकरण करून ठेवा. पालकांच्या शब्दांतील वर्णनापेक्षा अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण मला अनेकदा अधिक सांगून जाते.

रक्ततपासणीत विशेष काही नाही, याचा अर्थ त्यात नेमके काय तपासले होते यावर अवलंबून आहे. साखर उपाशीपोटी तपासली होती का? उतारवयात स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करणारी गाठ झाली, तर साखर मधूनमधून खूप खाली जाते आणि झटके येतात, पण खाल्ल्यानंतर घेतलेल्या रक्तात ती सामान्य येऊ शकते. यकृताचे काम कमी पडत असल्यास पित्ताम्लांची तपासणी लागते. कॅल्शियम व सोडियम पाहिलेले असावे, आणि रक्तदाब मोजलेला नसेल तर तो अवश्य मोजावा, कारण मूत्रपिंडाच्या किंवा अधिवृक्क ग्रंथीच्या आजारातून वाढलेला रक्तदाब मेंदूत रक्तस्राव घडवू शकतो. अर्थात शरीरातील रसायनांचा बिघाड सहसा संपूर्ण मेंदूवर सारखा परिणाम करतो. एकाच बाजूची लक्षणे त्याने क्वचितच होतात, म्हणून तुमच्या बाबतीत ही शक्यता मला कमी वाटते.

यानंतर मज्जासंस्थेची हाताने करायची तपासणी येते, जिला पुरेसा वेळ द्यावा लागतो. पंजा उलटा टेकवून कुत्रा तो किती लवकर सरळ करतो, एका पायावर उड्या कशा मारतो, डोळ्यांसमोर हात नेल्यावर पापणी मिटतो का, प्रकाश टाकल्यावर बाहुली आकुंचन पावते का, नाकपुडीला आतून स्पर्श केल्यावर डोके मागे घेतो का, हे दोन्ही बाजूंना ताडून पाहतात. डाव्या पुढच्या मेंदूत बिघाड असल्यास उजव्या पायांचा प्रतिसाद मंदावतो आणि उजव्या बाजूने हात नेल्यास पापणी मिटत नाही, मात्र बाहुलीचा प्रतिसाद उत्तम राहतो. चाल बहुधा सामान्यच असते, आणि त्यामुळे पालकांना उगाच दिलासा वाटतो. एक खबरदारी महत्त्वाची आहे : झटक्यानंतर काही तास, कधी एखाद-दोन दिवससुद्धा, निरोगी मेंदूच्या कुत्र्यातही हे दोष दिसू शकतात. फेनोबार्बिटाल सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत गुंगी व लटपट येते, तीही तपासणीत गोंधळ घालते. म्हणून झटक्याला काही दिवस उलटल्यावर ही तपासणी पुन्हा करावी. दोष तसाच कायम असेल, तर तो झटक्याचा परिणाम नसून झटक्याचे कारण सांगणारा पुरावा आहे. उलटपक्षी, तपासणी पूर्णपणे सामान्य आली तरी गाठ नाही असे म्हणता येत नाही. मेंदूच्या अगदी पुढच्या भागातील, वास ओळखणाऱ्या केंद्राजवळच्या गाठी झटक्यांखेरीज दुसरे कोणतेही लक्षण न दाखवता दीर्घकाळ राहू शकतात.

छातीचे एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी एमआरआयच्या आधी करावी. मेंदूतील गाठ कधी इतर अवयवांतून आलेली असते. प्लीहेतील रक्तवाहिन्यांचा कर्करोग, स्तनग्रंथींचा कर्करोग आणि लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) यांची आठवण ठेवावी लागते. छातीत अनेक गाठी आढळल्या, तर मेंदूच्या तपासणीचा निर्णयच बदलतो आणि कुत्र्याची एक भूल वाचते.

स्टेरॉईडविषयी माझे मत ठाम आहे. कुत्र्याची अवस्था झपाट्याने ढासळत नसेल, तर एमआरआय होईपर्यंत ते सुरू करू नये. स्टेरॉईडने गाठीभोवतीची सूज उतरते आणि कुत्रा बरा दिसू लागतो, परंतु मेंदूचा प्रतिकारशक्तीजन्य दाह आणि लिम्फोमा हे दोन आजार स्टेरॉईडमुळे इतके आकसू शकतात की नंतरच्या एमआरआयमध्ये किंवा मेंदूभोवतीच्या पाण्याच्या तपासणीत त्यांचा माग लागत नाही. शिवाय फरक पडला तर गाठ, नाही पडला तर गाठ नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, कारण गाठ, दाह आणि लिम्फोमा या तिन्हींत सुरुवातीला फरक पडतो. एमआरआय करायचाच नाही असे ठरले असेल, तर गोष्ट वेगळी. मग स्टेरॉईड हा उपचाराचा प्रामाणिक भाग आहे. तुमच्या पशुवैद्यांशी या क्रमाविषयी मोकळेपणाने बोला. त्यांचा हेतू कुत्र्याला आराम देण्याचाच आहे.

दुसरे उत्तर (पशुवैद्यकीय प्रतिमानिदान) :

वरील उत्तरात जागा ठरवण्याची पद्धत सविस्तर आली आहे, त्यामुळे मी एमआरआय काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, एवढ्यावरच लिहितो.

सीटी स्कॅन जलद होतो, हाड उत्तम दाखवतो आणि नाकातील कर्करोग चाळणीसारख्या हाडातून मेंदूत शिरला असेल तर तो पाहण्यास फार उपयोगी आहे. मेंदूच्या आतील मऊ भागासाठी मात्र तो कमी पडतो. कानामागील दाट हाडांमुळे लहान मेंदू व मेंदूचा देठ यांच्या चित्रात पट्टे उमटतात आणि त्या भागातील लहान गाठ हमखास निसटते. तुमच्या कुत्र्यात संशयित जागा पुढच्या मेंदूत असल्यामुळे मोठी गाठ सीटीवर दिसेलही, पण सूज, दाह आणि गाठ यांतील फरक करायचा असेल, तर एमआरआयला पर्याय नाही.

एमआरआयमध्ये एकाच भागाची चित्रे वेगवेगळ्या पद्धतींनी घेतली जातात. एका प्रकारात पाणी व सूज उजळ दिसते, दुसऱ्यात मोकळे पाणी दाबून केवळ ऊतींमधील सूज दाखवली जाते, तिसऱ्यात जुना रक्तस्राव काळा उठून दिसतो, आणि शेवटी गॅडोलिनियम हे द्रव्य शिरेतून देऊन चित्रे पुन्हा घेतली जातात. ते द्रव्य जिथे साठते, तिथे मेंदू व रक्त यांच्यामधला नैसर्गिक अडसर मोडलेला असतो. या सर्व चित्रांचा एकत्रित विचार करूनच अहवाल लिहिला जातो, म्हणून वेळ वाचवण्यासाठी त्यांतील काही प्रकार गाळू देऊ नयेत, विशेषतः गॅडोलिनियमनंतरची चित्रे.

कुत्र्यांच्या मेंदूत सर्वांत जास्त आढळणारी प्राथमिक गाठ म्हणजे मेनिंजिओमा. ती मेंदूच्या आवरणातून उगवते, त्यामुळे मेंदूच्या बाहेरून आत दाबत जाते, तिचा पाया रुंद असतो, कडा स्पष्ट असतात, गॅडोलिनियम ती एकसारखे शोषून घेते आणि आवरणाच्या बाजूने तिला अनेकदा शेपटीसारखा पट्टा दिसतो. लांब तोंडाच्या जातींमध्ये, उदाहरणार्थ गोल्डन रिट्रीव्हरमध्ये, ती विशेष आढळते. ग्लिओमा ही दुसरी मोठी गाठ मेंदूच्या आतच उगवते. तिच्या कडा अस्पष्ट असू शकतात, गॅडोलिनियम ती कधी मुळीच घेत नाही, कधी फक्त कडेला कड्यासारखे घेते. बॉक्सर, बोस्टन टेरियर, फ्रेंच बुलडॉग आणि बुलडॉग या चपट्या तोंडाच्या जातींमध्ये ती लक्षणीय प्रमाणात जास्त दिसते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या प्रवृत्तीचा संबंध कुत्र्याच्या २६व्या गुणसूत्रावरील एका भागाशी जोडला गेला आहे. म्हणून नऊ वर्षांच्या बॉक्सरच्या मेंदूच्या आत एक पिंड दिसला, तर ग्लिओमाचे नाव यादीत सर्वांत वर येणे स्वाभाविक आहे. तरीही जातीवरून चित्र वाचायचे नसते. आधी चित्र वाचावे आणि मग जात लक्षात घ्यावी, नाहीतर आपल्याला अपेक्षित असलेलेच दिसू लागते.

ग्लिओमाचा भास करून देणाऱ्या तीन गोष्टी मला वारंवार भेटतात. पहिली म्हणजे मेंदूतील रक्तपुरवठा खंडित होणे. यात लक्षणे एकाएकी सुरू होतात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर सहसा वाढत नाहीत, उलट हळूहळू सुधारतात. गाठीची लक्षणे साधारणपणे वाढत जातात. पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारी चित्रे लवकर घेतली, तर हा फरक बराच स्पष्ट होतो. दुसरी गोष्ट म्हणजे दाह, जो एकाच ठिकाणी गोळा होऊन पिंडासारखा दिसू शकतो. तिसरी फारशी सांगितली जात नाही, पण पालकांनी जाणून घ्यावी अशी आहे : लागोपाठ झटके आल्याने मेंदूच्या काही भागांत, विशेषतः बाजूच्या खालच्या भागात, तात्पुरती सूज येते आणि ती चित्रात आजारासारखी दिसते. ती काही आठवड्यांनी आपोआप निघून जाते. चित्र संदिग्ध असेल, तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करणे हा अत्यंत शहाणपणाचा मार्ग आहे. दुसऱ्यांदा भूल देण्याच्या कल्पनेने पालक खचतात हे मी पाहिले आहे, पण चुकीच्या निदानावर घेतलेला निर्णय त्याहून कितीतरी वाईट असतो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर. एमआरआय पिंड आहे की नाही हे खूप विश्वासाने सांगतो, तो मेंदूच्या आत आहे की बाहेर हेही चांगले सांगतो, तो कोणत्या प्रकारचा असावा याचा साधार अंदाज देतो, आणि ग्लिओमा किती आक्रमक आहे हे मात्र तो खात्रीने सांगू शकत नाही. खात्री केवळ तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होते. कुत्र्यांतील ग्लिओमाचे वर्गीकरण २०१८ मध्ये नव्याने मांडले गेले. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, अ‍ॅस्ट्रोसायटोमा आणि अनिश्चित ग्लिओमा असे तीन प्रकार, आणि प्रत्येकात कमी किंवा जास्त आक्रमक अशी प्रत, अशी ती मांडणी आहे. ती संपूर्णपणे पेशी पाहूनच वापरता येते.

तिसरे उत्तर (सर्वसाधारण उपचार करणारे पशुवैद्य) :

वरील दोन्ही उत्तरांतील शास्त्राशी मी सहमत आहे, परंतु एका गोष्टीवर अधिक भर द्यावासा वाटतो. तपासणीच्या निकालाने पुढचा निर्णय बदलणार असेल, तरच ती करावी. किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार तुम्ही कोणत्याही परिस्थितीत करणार नसाल, कुत्र्याच्या इतर आजारांमुळे ते शक्य नसेल, किंवा तशी सोय तुमच्या आवाक्यात नसेल, तर वय, जात, कायम राहणारी एकाच बाजूची लक्षणे आणि इतर कारणे वगळणाऱ्या तपासण्या यांच्या आधारे संभाव्य निदान करून झटक्यांचे औषध आणि स्टेरॉईड देणे हा कमी प्रतीचा मार्ग नाही. तो वेगळा मार्ग आहे. त्यातून मिळणारा काळ बहुधा आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत मोजावा लागतो, हे मात्र पालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि किरणोपचारांनी तो काळ बऱ्याच कुत्र्यांत लक्षणीय वाढतो हेही.

या बाबतीत एमआरआयची बाजू घेणारा एक मुद्दा मात्र मला नाकारता येत नाही. गाठीऐवजी दाह निघाला, तर औषधांची मात्रा आणि दिशा दोन्ही बदलतात आणि अनेक कुत्रे दीर्घकाळ चांगले जगतात. रक्तपुरवठ्याचा दोष निघाला, तर बहुतेक वेळा धीर धरणे एवढेच पुरते. म्हणजे किरणोपचार करायचे नसले, तरीही जो आजार आपण गृहीत धरला तो नसण्याची शक्यता तपासण्याचे मूल्य शिल्लक राहते. उतारवयात अचानक मान कलणे, डोळ्यांची बुबुळे थरथरणे आणि तोल जाणे या लक्षणांवरून घाबरून गाठ समजली जाणारी कितीतरी कुत्री प्रत्यक्षात आतील कानाच्या तोलाच्या आजाराने त्रस्त असतात आणि काही दिवसांत सुधारू लागतात. तुमच्या कुत्र्याची लक्षणे तशी नाहीत, पण हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी हे नमूद करतो.

घरी एक वही ठेवा. झटका केव्हा आला, किती वेळ टिकला, आधी काय करत होता, सुरुवात शरीराच्या कोणत्या भागापासून झाली, नंतर पूर्ववत व्हायला किती वेळ लागला, एवढे लिहावे. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकला किंवा चोवीस तासांत दोन किंवा अधिक झटके आले, तर ती तातडीची वेळ समजून थेट रुग्णालयात न्यावे. तेव्हा वही भरत बसू नये.

प्रश्नकर्ता :

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. आमच्या पशुवैद्यांशी बोललो. त्यांनी स्टेरॉईड थांबवून ठेवण्यास लगेच संमती दिली आणि आम्हाला मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडे पाठवले. तेथील तपासणीत उजव्या बाजूने हात नेल्यास पापणी मिटत नाही, उजवा पुढचा व मागचा पंजा उशिरा सरळ होतो, आणि दोन्ही बाहुल्या प्रकाशाला नीट प्रतिसाद देतात, असे आढळले. ईसीजी, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, छातीचे एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी यांत दोष नाही. एमआरआय ठरला आहे. भूल देण्यापूर्वी झटक्यांच्या गोळ्या बंद कराव्यात का? त्याच वेळी पाठीचे पाणी (मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव) तपासणीसाठी काढण्याची परवानगी आमच्याकडे मागितली आहे, ती द्यावी का? आणि तुकडा काढण्याचा निर्णय त्याच दिवशी घ्यावा लागेल का?

पहिले उत्तर देणारे पशुवैद्य :

तपासणीचे निष्कर्ष तुमच्या घरच्या निरीक्षणाशी तंतोतंत जुळतात. गोळ्या बंद करू नका. सकाळी उपाशी ठेवायचे असले तरी झटक्यांची गोळी नेहमीच्या वेळी थोड्या पाण्याबरोबर किंवा भूलतज्ज्ञ सांगतील तशी द्यावी, कारण मात्रा चुकल्याने येणारा झटका भुलेपेक्षा जास्त धोकादायक ठरू शकतो.

भुलेचा धोका वयापेक्षा मेंदूतील दाबावर अधिक अवलंबून असतो. गाठीमुळे कवटीतील दाब वाढलेला असेल, तर भुलेत श्वास मंदावून रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यास मेंदूतील रक्तवाहिन्या फुगतात आणि दाब आणखी वाढतो. म्हणून श्वास यंत्राने नियंत्रित ठेवतात, डोके किंचित उंच ठेवतात आणि मानेच्या शिरांवर दाब येऊ देत नाहीत. याच कारणासाठी अशा कुत्र्याचे रक्त मानेऐवजी पायाच्या शिरेतून घ्यावे, आणि त्या काळात गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा. बॉक्सर जातीत एसेप्रोमेझिन हे गुंगीचे औषध विशेष जपून वापरले जाते, हे भूलतज्ज्ञांना माहीत असेलच, तरीही आठवण करून देण्यात संकोच करू नका. भुलेपूर्वी कुत्रा अतिशय सुस्त झाला, नाडी संथ आणि रक्तदाब वाढलेला आढळला, तर तो वाढलेल्या दाबाचा गंभीर इशारा आहे; तेव्हा दाब कमी करणारे मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचे द्रावण आधी द्यावे लागते.

पाण्यासाठी संमती द्या, पण एका अटीवर : चित्रे पाहून झाल्यानंतरच ते काढावे. मोठी गाठ, मध्यरेषा सरकलेली, किंवा लहान मेंदूचा भाग कवटीच्या मागच्या छिद्राकडे ढकललेला दिसला, तर पाणी काढल्याने दाबाचा समतोल मोडून मेंदू खाली सरकू शकतो आणि तो जीवघेणा प्रकार आहे. तसे काही नसेल आणि चित्र दाहाचे किंवा लिम्फोमाचे वाटत असेल, तर हे पाणी फार उपयोगी पडते. मेनिंजिओमा किंवा ग्लिओमाच्या पेशी त्यात क्वचितच सापडतात, त्यामुळे पाणी सामान्य आले म्हणून गाठ वगळली जात नाही.

तुकड्याचा निर्णय त्या दिवशी घेण्याची गरज नाही. गाठ आवरणातील असून शस्त्रक्रियेने पोहोचता येण्याजोगी असेल, तर ती काढतानाच तुकडा मिळतो आणि वेगळ्या तपासणीची आवश्यकता उरत नाही. ती मेंदूच्या आत असेल, तर चित्रांवरून दिशा आणि खोली मोजून बारीक सुईने तुकडा घेण्याची पद्धत आहे. ती निश्चित निदान देते, पण रक्तस्रावाचा धोका तिच्यात असतोच, आणि सुई गाठीच्या तुलनेने सौम्य भागात गेली तर आक्रमकता कमी लेखली जाऊ शकते. किरणोपचार अनेक ठिकाणी एमआरआयवरील साधार अंदाजावरही सुरू केले जातात, म्हणून तुकड्यामुळे उपचारांत नेमका काय बदल होईल, हे तज्ज्ञांना स्पष्ट विचारा. सर्व मूळ चित्रे डिजिटल स्वरूपात मागून घ्या. केवळ छापील अहवालावरून दुसऱ्या तज्ज्ञाला मत देता येत नाही, आणि पुढे पुन्हा एमआरआय करायची वेळ आली, तर तुलनेसाठी तीच चित्रे लागतील.